नरहरी सरांनी वाचलेला दगड

नरहरी सरांच्या दारावरच्या पाटीवर आडनाव नव्हतं. ‘नरहरी, तत्त्वज्ञान’ एवढंच. आमच्या वडवणीत दाराची पाटी वाचली की माणूस कोणत्या आळीतला, कोणाचा पाहुणा, मत कुणाला देणार हे बाहेर उभ्या-उभ्याच कळतं. त्यामुळं सरांच्या दाराशी आलेला नवा माणूस जरा घुटमळायचा. सिलिंडर घेऊन येणाऱ्यानं एकदा सरळ विचारलं होतं, “सर, फुल नाव सांगा की.”

“नरहरी.”

“त्ये झालं. फुडचं?”

“पुढचं वडिलांचं होतं,” सर म्हणाले, “ते त्यांच्याकडंच राहू दिलं.”

सर इथल्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, मी तिथंच ग्रंथपाल. सरांची माझी ओळख पुस्तकांच्या देण्याघेण्यातली, पण आमच्या लायब्ररीत पुस्तकं नेणारे इतके थोडे की वीस वर्षांत ती आपोआप घट्ट झाली. उंच, किंचित वाकलेला माणूस. पांढरा हाफ शर्ट, खांद्याला पिशवी. विचार करताना चष्मा काढून त्याची काडी दातांत धरायची सवय. दोन्ही काड्यांची टोकं चावून चावून पांढरी पडलेली. पुस्तकात खूण म्हणून कडुलिंबाची काडी ठेवायचे. पुस्तक परत आलं की मी ते उलटं धरून झटकून घ्यायची.

नमस्काराचीही त्यांची एक तऱ्हा होती. कुणी ‘राम राम’ म्हटलं की ते ‘राम राम’ म्हणत, ‘जय भीम’ म्हणणाऱ्याला ‘जय भीम’, ‘सलाम’ला ‘सलाम’. मी एकदा विचारलं, “सर, तुमचा स्वतःचा नमस्कार कोणता हो?”

“नमस्कार स्वतःचा नसतोच मॅडम. समोरच्यानं दार उघडलं की त्याच दारातनं आत जायचं. आपलं दार पाठीवर घेऊन फिरायचं नाही.”

तेव्हा ते मला फार आवडलं होतं. आता वाटतं, असा माणूस आमच्या भागात इतकी वर्षं टिकला हेच खूप झालं.

त्यांचा वर्ग लायब्ररीच्या शेजारी. मधे प्लायवूडची भिंत, त्यामुळं मला त्यांचं सगळं ऐकू यायचं. वर्षानुवर्षं ऐकून त्यांची कित्येक वाक्यं मला पाठ झाली होती. “गुरं पाणी पितात, माणूस तीर्थ पितो. पाणी तेच असतं. त्या दोन पाण्यांच्या मधे जे आहे तोच आपला विषय.” मग ते मुलांना विचारायचे, कुंकवाचा रंग लाल का, झेंड्याच्या कापडाचा मीटरचा भाव काय, मग झेंडा जमिनीवर पडला की आपण धावत जाऊन का उचलतो? त्यांचं म्हणणं एकच असायचं. माणूस वस्तूंच्या जगात राहत नाही, खुणांच्या जगात राहतो. खुणा काढून घेतल्या तर त्याच्याजवळ भूक आणि झोप एवढंच उरेल.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला ते पिशवीतून दोन दगड घेऊन यायचे. एक तसाच, एकाला शेंदूर माखलेला. दोन्ही जमिनीवर ठेवून सांगायचे, “काल संध्याकाळी एकाच ओढ्यातनं आणलेत. शेंदूर मी लावलाय, आमच्या स्वयंपाकघरात बसून, गोडं तेल घालून. मंत्र म्हटला नाही, पूजा केली नाही. आता एकेकानं या आणि दोन्हींवर पाय ठेवा.”

पहिल्या दगडावर सगळे धडाधड पाय ठेवायचे. दुसऱ्यापाशी रांग थांबायची. एका वर्षी मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, आधी तुमी ठिवा.”

वर्ग हसला. सरही हसत पुढं झाले आणि पाय उचलायच्या आधी त्यांनी चप्पल काढली.

“सर, चप्पल कावून काढली?” मुलगी म्हणाली.

सरांनी खाली बघितलं. पाय तसाच मागं घेतला. मग खुर्चीत जाऊन बसले आणि कितीतरी वेळ नुसते हसत राहिले. “आजचा तास संपला,” म्हणाले. “हिनं शिकवला.”

दुसऱ्यानं पकडलं की त्यांना असा आनंद व्हायचा. सोलापूरहून एका कार्यशाळेतून आम्ही काहीजण परत येत होतो, तेव्हा मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. शेजारी एका ट्रकच्या मागं काळी चप्पल टांगलेली. सर थेट ड्रायव्हरच्या बाजेवर जाऊन बसले. “दादा, ब्रेक फेल झाला तर ही चप्पल काय करणार?”

“काय न्हाई करत,” ड्रायव्हर भाकरी मोडता मोडता म्हणाला.

“मग टांगलीय कशाला?”

“मागं येकदा तुटून पडलती. तर घाटात माझा हात थरथराय लागला. स्टेरिंग धराया येईना. ब्रेक चांगलाच व्हता बघा, हात चांगला नव्हता.”

सरांनी तिथंच वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. बीड येईपर्यंत आम्हाला चार वेळा ऐकवलं. “आख्ख्या कार्यशाळेत तीन दिवस जे कुणाला सांगता आलं नाही ते ह्यानं भाकरी खाता खाता सांगितलं.”

पण विषय काही टिकला नाही. तत्त्वज्ञान घेऊन पोलीस भरतीत काय मिळतं, हे आईबापांनी विचारलं तर त्यात त्यांची चूक नव्हती. वर्गात मुलं सात झाली, मग तीन, मग एका जूनमध्ये एकही नाही. सरांना पर्यावरणाचा सक्तीचा पेपर शिकवायला दिला. विभागाचं कपाट माझ्याकडं आलं आणि कपाटामागून सरही. रिकाम्या तासाला खिडकीपाशी बसायचे. एक सहल मात्र त्यांनी सोडली नाही. दरवर्षी आठ-दहा मुलं गोळा करून धर्मापुरीच्या जुन्या देवळाला न्यायचे आणि भिंतीवरची एकेक मूर्ती दाखवत ऊन उतरेपर्यंत फिरवायचे. दगड वाचायला ते तिथंच शिकले, असं म्हणायचे.

आता त्यांच्या गावाबद्दल. वडवणीपासून आठ-दहा किलोमीटरवरचं ते गाव, नाव सांगत नाही. वरच्या आळीला शेती करणारी घरं, पुढारी, ट्रॅक्टर. ओढ्यापलीकडं मेंढरं राखणारी घरं. त्यांच्यातलेही बरेच आता थोडीफार शेती करतात. सर वरच्या आळीतले. पण त्यांचा जिवाभावाचा मित्र लक्ष्मण ओढ्यापलीकडचा. दोघं एका बाकावर शिकलेले. लक्ष्मणच्या आईच्या, गिरजाबाईच्या हातच्या भाकरीवर आपलं निम्मं लहानपण गेलं, असं सर सांगायचे.

गावच्या वेशीत एक दगड होता. पुरुषभर उंचीचा, शेंदराची पुटं चढून चढून गोल झालेला. डोळे नाहीत, तोंड नाही. सगळं गाव त्याला ‘दादा’ म्हणायचं. नवी नवरी आली की आधी दादाच्या पायाशी नारळ. ज्वारीचं पहिलं कणीस दादाला. मेंढरं लांब चरायला निघाली की निघण्याआधीचं पहिलं दूध दादाला, आणि ते घालायचा मान गिरजाबाईचा. परीक्षेला जाणारी मुलं, सुट्टीवरून परत निघालेला फौजी, सगळे तिथं टेकून जायचे. दादा कोण, हे विचारलं तर उत्तर मिळायचं, “दादा म्हंजी दादा.” पुजारी नव्हता, ट्रस्ट नव्हता. सर वर्गात त्याचं उदाहरण नेहमी द्यायचे. “ज्याचा अर्थ कुणालाच माहीत नाही आणि ज्याच्याशिवाय कुणाचंच चालत नाही, असं चिन्ह बघायचं असेल तर आमच्या गावाला या.”

एका मे महिन्यात भर दुपारी दादाचं शेंदराचं कवच तडकलं आणि ढलपी ढलपी होऊन खाली आलं. ‘दादानं झगा टाकला’ म्हणत बाया धावल्या. आत कोरीव काम निघालं. गावानं सरांना निरोप धाडला, तुम्ही शिकलेले, येऊन बघा. सरांनी मला मूर्तींवरचं जाडजूड पुस्तक घेऊन यायला सांगितलं, म्हणून मी गेलते. नाहीतर हे सगळं मलाही ऐकूनच कळलं असतं.

मी सरांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. दगडापुढं गुडघ्यावर बसून, हातरुमालानं एकेक चौकट पुसत होते. खालच्या चौकटीत गुरं. त्यावर तलवार घेतलेला माणूस, पुढं चालून आलेले दोन स्वार. त्यावर दोन बाया त्याला दोन्ही हातांना धरून वर नेताहेत. सगळ्यात वर पिंडीपुढं हात जोडून बसलेला तोच माणूस, माथ्यावर चंद्र-सूर्य. संध्याकाळी सगळं गाव पारावर जमलं. सरपंचांनी माईक दिला.

“हा वीरगळ आहे,” सर म्हणाले. “कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी या गावची गुरं पळवून नेत होतं. हा एकटा आडवा गेला. मारला गेला. गावानं त्याच्या नावानं दगड उभा केला. पुढं नाव विसरलं, पण दगड विसरला नाही. म्हणजे बघा, आपण ज्याच्या पाया पडत आलो तो देव नव्हता. आपल्यासारखाच माणूस होता.”

टाळ्या पडल्या. बायांमध्ये पुढं बसलेल्या गिरजाबाईनं मात्र टाळी वाजवली नाही. ती म्हणाली, “नरहरी, मानूस व्हता म्हन्तूस? मंग म्या इतकी वर्सं दूध कुनाला घातलं?”

“माणसालाच, आई. ते देवाला घालण्यापेक्षा मोठं आहे.”

तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. तेवढ्यात मागून मोबाइल वर धरून उभा असलेला एक तरुण बोलला, “सर, मानूस हाय म्हन्ताव, तर मग कोनाचा?”

“म्हणजे?”

“म्हंजी, जात कोनती?”

सर म्हणाले, “दगडावर ते कोरलेलं नाही.”

“गुरं तर कोरल्याती की,” ओढ्यापलीकडचा एकजण म्हणाला. “गुरं-ढोरं कोन राखतंय?”

“तलवार बी कोरली हाय,” वरच्या आळीतून आवाज आला. “तलवार कोन धरतंय?”

हशा झाला. सरही हसले. मीही हसले, हे मला लिहिलं पाहिजे.

परत येताना गाडीत ते बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसले होते. वडवणीच्या अलीकडं म्हणाले, “देव होता तोवर त्याला कुणी जात विचारली नाही. मी माणूस म्हटल्याबरोबर विचारली.” पण आवाजात भीती नव्हती. वहीत लिहून ठेवण्यासारखी एक गोष्ट सापडली, एवढंच.

पंधरा दिवसांत वेशीत दोन फ्लेक्स लागले. दोन्हींवर त्याच दगडाचा फोटो आणि खाली दोन वेगवेगळी नावं. शेकडो वर्षं ज्याला नाव नव्हतं त्याला दोन नावं मिळाली, पदव्यांसकट. एका बाजूनं एका रंगाचा झेंडा रोवला, दुसऱ्या बाजूनं दुसऱ्या. जिल्ह्यात तेव्हा आधीच वातावरण बिघडलेलं होतं. किराणा कुणाकडून घ्यायचा, वडापच्या कोणत्या गाडीत बसायचं, हे लोक आडनाव बघून ठरवू लागले होते. त्यात सरांच्या भाषणाचा व्हिडिओ फिरू लागला, दोन तुकड्यांत. एका तुकड्यात सर गुरांबद्दल बोलत होते, दुसऱ्यात तलवारीबद्दल. दोन्हींच्या खाली लिहिलेलं : ‘प्राध्यापकांनी केले सिद्ध.’

दोन्हीकडची शिष्टमंडळं कॉलेजात आली. आधी वरच्या आळीची.

“सर, तुमी आपले. दोन वळी लिहून द्या फक्त.”

“काय लिहू?”

“की त्यो आपला व्हता.”

“मला माहीत नाही तो कुणाचा होता.”

“माहीत नसाया काय झालं? आपले म्हनवता आन् येवढं व्हईना?”

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडचे आले. तेच बोलणं झालं, फक्त ‘तुमी आपले’च्या जागी ‘तुमी त्यांचे असला तरी’ एवढा फरक. सरांनी दोघांनाही एकच उत्तर लिहून दिलं, चार पानी. त्यात चिन्ह म्हणजे काय, त्याचा अर्थ एका गटाच्या मालकीचा का होऊ शकत नाही, हे फार सुंदर लिहिलं होतं. झेरॉक्स मीच काढून आणली होती. ती चार पानं कुणी पूर्ण वाचली असतील असं मला वाटत नाही. तिसऱ्या दिवशी त्यातली दोन अर्धी वाक्यं दोन्ही फ्लेक्सवर छापून आली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सविस्तर सांगवत नाही. दादाच्या जत्रेच्या दिवशी सकाळी दोन्ही बाजू दगडाभोवती चौथरा बांधायला एकाच वेळी आल्या. दोन्हीकडं विटा होत्या, दोन्हीकडं सिमेंट. आधी शब्द झाले, मग विटा उडाल्या. जत्रा झाली की मेंढरं निघायची, म्हणून गिरजाबाई नेहमीप्रमाणं दुधाची चरवी घेऊन आली होती. कुणीतरी तिला म्हणालं, म्हातारे, माघारी जा. ती म्हणाली, “म्हाजं दूध घालून जाती की रं.” वीट कुठल्या बाजूनं आली हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. बीडच्या दवाखान्यात ती अकरा दिवस होती. शुद्धीवर आली नाही.

दगड तहसीलच्या गोदामात गेला, पुढील आदेश होईपर्यंत. वेशीत खड्डा राहिला. त्याला तारेचं कुंपण घालून दोन पोलीस खुर्च्या टाकून बसवले.

सर लक्ष्मणकडं भेटायला गेले तेव्हा सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आणि मी बरोबर होतो. वहिनी आत बायांत जाऊन बसल्या. मी दाराच्या आतल्या बाजूला. लक्ष्मण ओट्यावर होता. डोकं भादरलेलं, अंगावर नुसतं धोतर. त्यानं सरांना घोंगडी टाकून दिली, पाण्याचा तांब्या पुढं केला. सरांनी तांब्याला नुसता हात लावला. मग म्हणाले, “लक्ष्मण, म्या...”

कॉलेजात मी त्यांच्या तोंडून ‘म्या’ कधी ऐकलं नव्हतं.

“राहू दे,” लक्ष्मण म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “येक इचारू?”

“इचार.”

“त्यो दगडच हाय, हे तुला ल्हानपनापासून ठावं व्हतं. मला बी ठावं व्हतं. आपुन त्याच्यावर चढून चिंचा पाडल्याती. आईला बी ठावं असंल, ती काय येडी नव्हती. समद्या गावाला ठावं व्हतं. मंग नरहरी, ते बोलून कावून दाखवलंस बे?”

सरांनी तांब्यातलं दोन घोट पाणी घेतलं, तांब्या खाली ठेवला आणि ते उठले. 

निघताना लक्ष्मण वेशीपर्यंत आला नाही, ओट्यावरूनच म्हणाला, “परत येऊ नको. राग न्हाई म्हाजा. पर तू आलास की लोकं बघत्यात, कोनाकडं आलतास म्हून. आमाला हितंच ऱ्हायचंय.”

ओढा ओलांडताना सर मागं वळून बघत होते. वहिनींनी त्यांचा हात धरून त्यांना पलीकडं आणलं.

त्यानंतर तहसीलला शांतता समितीची बैठक झाली. सरांना कुणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून गेले आणि उभं राहून बोलले. “मी तो दगड वाचायला नको होता. चूक माझी आहे. तो कुणाचाच नाही, आणि म्हणूनच तो सगळ्यांचा होता. आता कृपा करून दोन्ही नावं काढा.” हे दोन्ही बाजूंना सारखंच झोंबलं. त्या गावात त्या वर्षी दोन्ही बाजूंचं एकमत झालेली तेवढीच गोष्ट. बैठकीतून बाहेर पडताना पायऱ्यांवर त्यांच्या तोंडावर कुणीतरी काळी शाई ओतली. त्याचाही व्हिडिओ निघाला.

ते घरी गेले नाहीत, लायब्ररीत आले. मागच्या बाजूला बेसिन होतं. मी साबण दिला, टॉवेल दिला. आठ-दहा वेळा तोंड धुतलं. पांढरा शर्ट पार गेला होता. कानाच्या पाळीमागं आणि भुवयांत थोडी राहिली, ती मी ओल्या कापडानं पुसून दिली. त्यांच्या वयाच्या माणसाचा चेहरा असा पुसायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

“गेली का?” त्यांनी विचारलं.

“गेली सर.”

“शाईच होती. दौतीतली. आपण रजिस्टरला वापरतो तीच.”

“होय सर.”

ते बेसिनपाशीच, आरशाकडं पाठ करून उभे राहिले. “आयुष्यभर हेच शिकवलं मॅडम, की पदार्थ वेगळा आणि अर्थ वेगळा. पदार्थ धुतला की जातो.” टॉवेलची घडी घालत म्हणाले, “मला आरशात बघता येत नाहीये.”

मी म्हणाले, “सर, ज्यांनी केलं त्यांना लाज वाटली पाहिजे.”

“त्यांना बरोबर समजलंय,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा जास्त समजलंय. चिन्ह म्हणजे काय हे मी पोरांना सांगत बसलो, ते कसं वापरायचं हे ह्यांना न सांगता येतं.”

त्यांची नोकरी अजून वर्षभर होती. ती त्यांनी केली. पर्यावरणाचा पेपर शिकवला, हजेरी घेतली. भिंतीपलीकडून आवाज यायचा, पण तो पुस्तकातलं वाचून दाखवणाऱ्याचा. धर्मापुरीला गेले नाहीत. लायब्ररीत यायचे, खिडकीपाशी बसायचे, पण पुस्तक मागायचे नाहीत. मी एकदोनदा नवीन आलेलं पुस्तक समोर ठेवून पाहिलं. ते हातानं हळूच बाजूला सारायचे, शेजारच्याच्या ताटातलं काही आपल्याकडं आलं असावं तसं. रस्त्यात कुणी ‘राम राम’ केला तर मान हलवायचे, बोलायचे नाहीत. नंतर नंतर कुणी करेनासंही झालं.

निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं. सरांनी ते घेतलं, भाषण नको म्हणाले, आणि घरी गेले. त्यांची मुलगी पुण्याला असते. ती न्यायला आली होती. वहिनी तयार होत्या, सर गेले नाहीत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं, जायला निघालो तर तेही कशाची तरी कबुली ठरेल, असं त्यांना वाटत असावं. किंवा कुठंही गेलं तरी तिथंही माणसंच असतील, असं.

दगडाचा खटला अजून चालू आहे. मध्यंतरी मी माझ्या कामासाठी तहसीलला गेलते तेव्हा गोदामाच्या दारातून आत पाहिलं. जप्त केलेल्या वाळूच्या ट्रॉल्यांच्या मागं तो आडवा पडला होता, कोरीव बाजू खाली. अंगावर नंबर टाकलेला. गावात म्हणे आता दोन वेशी झाल्यात आणि दोन जत्रा. मेंढरं घेऊन लक्ष्मणची माणसं परस्पर रानातूनच निघून जातात.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते वडवणीच्या स्टँडवर, गेल्या उन्हाळ्यात. बाजाराचा दिवस, दुपारचे तीन-साडेतीन. मी बीडच्या गाडीची वाट बघत होते. सर शेडच्या टोकाच्या बाकावर बसले होते. दाढी वाढलेली, पायात रबरी चपला, चष्मा नव्हता. शेजारी भाजीची पिशवी. मी जवळ जावं की नाही, ठरवत होते. तेवढ्यात एक गाडी येऊन नेमकी त्यांच्यापुढं थांबली. काचेमागं पाटी होती, ठळक अक्षरांत, मला इतक्या लांबूनही दिसत होती : बीड.

डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई घाईघाईनं आली. गाडीकडं बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि सरांपाशी थांबली.

“आवो बाबा, कुटं चाललीय वो ही गाडी? पाटीवर काय लिव्हलंय?”

सरांनी मान वर केली. पाटीकडं बघितलं. चांगलं दोन-तीन क्षण बघितलं. मग बाईकडं बघून अगदी अदबीनं म्हणाले, “मला वाचाया येत न्हाई, माय.”

“आसं व्हय,” ती म्हणाली आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला गेली.

मी गाडीत चढले. खिडकीतून बघितलं तर सर उठून, पिशवी घेऊन, शेडच्या मागच्या बाजूला निघाले होते. तिकडं गाड्या लागत नाहीत, नुसती भिंत आहे.